लष्करी तळ बंद झाला की त्या जागेचा आराखडा कोण करतं? महापालिकेचा वाटा किती?

सात_रस्ता
पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत घ्यायची चर्चा वाचताना हा प्रश्न डोक्यात आला. अमेरिकेत १९८८ पासून पाच फेऱ्यांत पुष्कळ लष्करी तळ बंद केले गेले, आणि ‘आता या जागेचं काय’ याचा आराखडा तिथल्या स्थानिक संस्थांनीच केला. जमीन केंद्राची, कुंपण लष्कराचं, मग नगरपालिकेच्या आराखड्याला वजन येतं कुठून? काम कोणत्या क्रमाने चालतं आणि अडतं कुठे?

सोलापुरात बंद होणारा तळ नाही. पण बंद गिरण्यांच्या जागा आहेत, आणि १९९२ च्या हद्दवाढीत शहराच्या अंगावर आलेला मोठा भाग आहे. तेव्हा विषय आपल्याला परका नाही. माहितगारांनी तपशिलात लिहा. बाग करावी की मॉल, यावर दुसरा धागा काढू.

भवानी_पेठ
वजन कायद्यातून येतं, आणि मुदतींतून येतं. क्रम सांगतो.

बंद करायच्या तळांची यादी एक स्वतंत्र आयोग करतो. राष्ट्राध्यक्षांनी ती सगळी मान्य करायची किंवा परत पाठवायची. नंतर संसदेने ४५ दिवसांत सगळीच्या सगळी फेटाळली नाही तर ती लागू. एकेक नाव वगळून घ्यायची सोय नाही, म्हणून ‘आमचा तळ वाचवा’ ही खटपट एका टप्प्यावर संपते आणि गाव पुढच्या कामाला लागतं. यादी लागू झाल्यावर लष्कराने दोन वर्षांत काम सुरू करायचं आणि सहा वर्षांत तळ रिकामा करायचा.

त्याच वेळी गावाने ‘लोकल रिडेव्हलपमेंट अथॉरिटी’ उभी करायची. पुढे तिला प्राधिकरण म्हणतो. संरक्षण खातं एका तळासाठी एकाच प्राधिकरणाला मान्यता देतं. शहर असो, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी संस्था) असो, की दोन-तीन संस्थांनी करार करून केलेलं मंडळ असो, खात्याशी बोलणारं तोंड एकच. आराखड्याच्या खर्चाला अनुदानही त्यालाच मिळतं.

इकडे जागेची चाळणी सुरू असते. आधी सैन्याची इतर दलं, मग केंद्राची इतर खाती. त्यांना नको असलेली जागा ‘अतिरिक्त’ जाहीर होते. मग प्राधिकरणाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडून मागण्या मागवायच्या. त्यासाठी किमान तीन आणि कमाल सहा महिने. ती मुदत संपली की २७० दिवसांत पूर्ण आराखडा तयार हवा. तो गृहनिर्माण खात्याकडे जातो आणि बेघरांच्या गरजा व शहराचा विकास यांचा तोल राखला आहे का, हे ते खातं ६० दिवसांत तपासतं. लष्कराला जमिनीची विल्हेवाट लावण्याआधी पर्यावरण आढावा घ्यावाच लागतो, आणि त्यात हाच आराखडा मूळ प्रस्ताव धरला जातो. नगरपालिकेच्या कागदाला वजन येतं ते इथे.

चाटी_गल्ली
२७० दिवसांत आराखडा? आपली डीपी (शहराची विकास योजना) मंजूर होईपर्यंत तिची मुदत संपायला येते.

भवानी_पेठ
@चाटी_गल्ली, दोन्ही कागद एका जातीचे नाहीत. तो पुनर्वापराचा आराखडा आहे: कुठे घरं, कुठे उद्योग, कोणत्या इमारती ठेवायच्या, कोणत्या पाडायच्या, रस्ते कुठे जोडायचे, पैसा कुठून आणायचा. झोनिंग, म्हणजे कुठे कोणता वापर चालेल याचे नियम, शहराने नंतर आपल्या कायद्याने करायचं असतं. पुष्कळ ठिकाणी गाडी तिथेच रुतली. आराखडा झाला, पण शहराच्या नियमांत ती जागा अजून ‘लष्करी’ म्हणूनच रंगवलेली, त्यामुळे बांधकाम परवाना देता येत नाही. म्हणून दोन्ही कामं एकाच वेळी हाती घ्यायची.

आपल्याकडे हद्द वाढली तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३४ खाली वाढीव भागाची वेगळी डीपी करता येते. आधी इरादा जाहीर करायचा, मग सध्याच्या जमीन वापराचा नकाशा, मग कलम २६ खाली प्रारूप, मग हरकती-सूचना आणि नियोजन समितीची सुनावणी. यातला सध्याच्या वापराचा नकाशा लष्कर आत असतानाच करता येतो. आपला वेळ वाचू शकतो तो इथेच.

विजापूर_वेस
कायद्याची बाजू मांडतो, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होत आहेत.

अमेरिकेत तळच बंद होतो आणि जमीन एका हातातून दुसऱ्या हाती जाते. आपल्याकडे सध्या चाललं आहे ते कटक मंडळाच्या, म्हणजे कॅन्टोन्मेंटच्या, नागरी भागाचं विलीनीकरण. लष्कर जात नाही, ते ‘मिलिटरी स्टेशन’ म्हणून तिथेच राहतं. बाजार, घरं, शाळा, दवाखाने, रस्ते, दिवे महापालिकेकडे येतात. देशात ६२ कॅन्टोन्मेंट होती. त्यातलं हिमाचलातलं खास योल २०२३ मध्ये पहिलं रद्द झालं. महाराष्ट्रात सात: पुणे, खडकी, देहूरोड, अहमदनगर, औरंगाबाद, देवळाली, कामठी. कॅन्टोन्मेंटमधलं स्थानिक स्वराज्य हा राज्यघटनेत केंद्राच्या सूचीतला विषय आहे, म्हणून राज्याला किंवा महापालिकेला एकट्याने काही करता येत नाही. त्यांनी संमती द्यायची, अटी घालायच्या, हरकती नोंदवायच्या.

महापालिकेने सगळ्यात आधी मागायचा कागद म्हणजे जीएलआर, जनरल लँड रजिस्टर. १९३७ च्या नियमांनुसार प्रत्येक सर्व्हे नंबरपुढे वर्ग लिहिलेला असतो. ए-१ म्हणजे प्रत्यक्ष लष्करी वापराची. बी-३ म्हणजे खासगी माणसाच्या ताब्यातली, पण जमिनीची मालकी केंद्राची. सी म्हणजे मंडळाकडे निहित. नागरी सुविधांच्या मालमत्ता विनामूल्य हस्तांतरित करायचं धोरण आहे, पण बी-३ चं काय, हे प्रत्येक गावात वेगळं तपासावं लागेल. तिथले बरेच बंगले ‘ओल्ड ग्रँट’वर आहेत, मूळ १८३६ च्या आदेशातले. माणसाचं फक्त बांधकाम, खालची जमीन सरकारची, आणि सरकार नोटीस देऊन बांधकामाच्या भरपाईवर जागा परत घेऊ शकतं. अशा बंगल्यावर महापालिकेने उद्या प्लॅन मंजूर केला तर अर्जदाराला मालकी कशी दाखवता येणार? परवाना विभाग पहिल्या आठवड्यातच इथे अडकेल.

बाळीवेस
माझा मुळातच विरोध आहे. स्थानिक संस्थेच्या हाती असा आराखडा देऊ नये. कॅलिफोर्नियातल्या एल टोरोचं बघा. ४,७०० एकरांचा हवाई तळ १९९९ मध्ये बंद झाला. काउंटीला तिथे विमानतळ हवा होता, शेजारच्या शहरांना नको होता. १९९४ च्या मतदानात विमानतळ मंजूर, २००२ च्या मतदानात नामंजूर. आठ वर्षं नुसतं भांडण. शेवटी केंद्राने २००५ मध्ये लिलाव केला आणि एका बिल्डरने ६४.९५ कोटी डॉलरला जमीन घेतली. स्थानिक राजकारणात एवढी जमीन सापडली की हेच होणार. राज्याने विशेष नियोजन प्राधिकरण नेमावं.

भवानी_पेठ
@बाळीवेस, तपशील बरोबर आहेत, निष्कर्ष पटत नाही. एल टोरोत भांडण झालं ते ‘स्थानिक’ म्हणजे नेमकं कोण हे ठरलेलं नसताना. काउंटीचा एक नकाशा, शहरांचा दुसरा. उलट डेन्व्हरचा लॉरी तळ बघा. १,८६६ एकर, १९९४ मध्ये बंद. जमीन डेन्व्हर आणि अरोरा अशा दोन शहरांच्या हद्दीत होती. त्यांनी करार करून एकच प्राधिकरण केलं, आणि तिथे आज वसलेलं गाव आहे. ऑस्टिनचा बर्गस्ट्रॉम तळ १९९३ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी मतदारांनी विमानतळासाठी कर्जरोखे मंजूर केले आणि १९९९ मध्ये प्रवासी विमानं उडू लागली. लोकांची संमती आधी, पैसा तिच्याबरोबर.

विशेष नियोजन प्राधिकरण, म्हणजे आपलं कलम ४०, मला चालेल. पण त्यात महापालिकेची मतं निम्मी तरी हवीत. प्राधिकरण एक दिवस बरखास्त होतं, नळ आणि गटार महापालिकेकडेच राहतं.

कंबर_तलाव
नळ-गटाराचा विषय निघालाच आहे तर पाणीपुरवठ्याच्या अंगाने लिहितो. बहुतेक आराखडे इथे तोंडावर पडतात आणि चित्रांच्या पुस्तिकेत हे कुठेच दिसत नाही.

तळाला पाणी आणि वीज एकाच मोठ्या मीटरमधून मिळते. आत इमारतीगणिक मीटर नसतात, कारण बिल भरणारा एकच. तळ शंभर मालकांत वाटला की प्रत्येक जोडणीला मीटर, व्हॉल्व्ह, स्वतंत्र सर्व्हिस लाइन. जलवाहिन्या रस्त्याखालून नसतात, सरळ बराकींच्या पोटातून गेलेल्या असतात. बराक पाडली की मागच्या चार इमारतींचं पाणी बंद. नकाशे असतात, पण मूळ बांधकामाचे. नंतरच्या दुरुस्त्या त्यावर चढवलेल्या नसतात. म्हणून ताबा घेण्याआधी दर महत्त्वाच्या जोडावर खड्डा घेऊन पाइपचा व्यास, धातू आणि खोली प्रत्यक्ष मोजायची. गटारात कॅमेरा फिरवायचा. ऐन पावसात गटाराचा प्रवाह मोजायचा: कोरड्या दिवसाच्या कितीतरी पट निघाला तर पावसाचं पाणी आत शिरतंय, आणि तो भार आपल्या मलनिस्सारण केंद्रावर येणार.

इमारती रिकाम्या झाल्यावर लष्कर देखभाल कमी करत जातं. छत गळायला लागलं की दोन-तीन पावसाळ्यांत लाकूड, वायरिंग, फॉल्स सीलिंग सगळं गेलं. ‘इमारत वापरण्याजोगी’ असं आराखड्यात लिहिलेलं असतं ते पाहणीच्या दिवसापुरतं. देखभाल कोणत्या पातळीवर आणि किती महिने चालू ठेवणार, हे लष्कराकडून लेखी घ्यायला हवं.

आणि मुख्य म्हणजे पाणी किती. मॉन्टेरीजवळचा फोर्ट ऑर्ड १९९४ मध्ये बंद झाला. जागा जवळपास २८,००० एकर, पण भूजलाचा वाटा वर्षाला ६,६०० एकर-फूट (एकरभर जागेत फूटभर उंच पाणी म्हणजे एक एकर-फूट). हिशेब केला तर सुमारे २२ एमएलडी (दिवसाला २२ दशलक्ष लिटर), एवढंच. किती घरं बांधायची हे तिथे जमिनीने ठरत नाही, पाण्याने ठरतं. उजनीतून शंभरेक किलोमीटरवरून पाणी आणणाऱ्या आणि तेही दिवसाआड-चार दिवसांआड सोडणाऱ्या शहराला हे समजावून सांगायला नको. नवा भाग घेण्याआधी त्याची एमएलडीतली मागणी आणि आपली उरलेली क्षमता एका ओळीत मांडा. ती ओळ जुळली नाही तर पुढचा नकाशा उघडू नका.

हिप्परगा
@कंबर_तलाव, अगदी. हद्दवाढ भागात ड्रेनेज अजून सगळीकडे पोचलेलं नाही. घरपट्टी मात्र लगेच सुरू झाली होती. हद्द आधी आणि पैसा नंतर, असं पुन्हा होऊ देऊ नये.

जोडभावी_पेठ
एक शंका. आराखडा होईपर्यंत मोकळ्या इमारती भाड्याने देता येत नाहीत का? निदान राखणदारीचा खर्च तरी निघेल.

भवानी_पेठ
देता येतात. जमीन लष्कराच्या नावावर असतानाच प्राधिकरण ती भाडेपट्ट्याने घेतं आणि पुढे पोटभाड्याने देतं. धोका मुदतीत आहे. गोदामवाल्याला स्वस्तात दहा वर्षं दिली आणि आराखड्यात तिथून मुख्य रस्ता निघाला, तर एक भाडेकरू सगळा टप्पा अडवून धरतो. मुदत लहान ठेवायची, आणि आराखड्यासाठी जागा लागली तर ठरलेल्या नोटिशीवर सोडावी लागेल हे कलम करारात घालायचंच.

राखणदारीचं म्हणाल तर फिलिपाइन्सची दोन उदाहरणं शेजारी-शेजारी आहेत. क्लार्क तळ १९९१ च्या पिनाटुबो ज्वालामुखीनंतर अमेरिकनांनी सोडला आणि तारा, नळ, दारं-खिडक्यांपर्यंत लूट झाली. सुबिक तळ २४ नोव्हेंबर १९९२ ला सोपवला गेला. तिथे ओलोंगापोच्या हजारो नागरिकांनी स्वयंसेवक म्हणून पहारा दिला, इमारती शाबूत राहिल्या आणि उद्योग लवकर आले.

अक्कलकोट_रोड
जमिनीखाली काय आहे यावर अजून कोणी बोललं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महाग प्रकरण तेच.

हवाई तळावर इंधनाच्या टाक्या आणि भूमिगत वाहिन्या गळतात. यंत्रांच्या भागांवरचं ग्रीस काढायला वापरलेलं ट्रायक्लोरोइथिलिन जमिनीत मुरतं. ते पाण्यापेक्षा जड असल्यामुळे भूजलाच्या तळाशी जाऊन बसतं आणि दशकानुदशकं विरघळत राहतं. आग विझवायच्या फेसातली पीएफएएस रसायनं निसर्गात जवळपास नष्टच होत नाहीत. न्यू हॅम्पशायरचा पीझ तळ १९९१ मध्ये बंद झाला, तिथे उद्योग आले, विमानतळ चालू झाला, सगळं यशस्वी. आणि २०१४ मध्ये त्याच जागेची एक सार्वजनिक विहीर या रसायनांमुळे बंद करावी लागली. गोळीबाराच्या मैदानात शिसं, सरावक्षेत्रात न फुटलेले गोळे. जुन्या बराकींत अॅस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग. त्यामुळे साधं पाडकामही महाग होतं. फोर्ट ऑर्डच्या ओसाड बराकी पुढे कित्येक वर्षं तशाच उभ्या राहिल्या, त्याचं एक मोठं कारण हेच.

अमेरिकन कायद्यात जमीन देताना केंद्राला लिहून द्यावं लागतं की आवश्यक ती सगळी स्वच्छता झाली आहे, आणि पुढे आणखी काही सापडलं तर तेही आम्ही करू. दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा मोलाचं. स्वच्छता पूर्ण होण्याआधी जमीन हवी असेल तर राज्याच्या गव्हर्नरची संमती लागते. आपल्या करारात असं वाक्य असल्याशिवाय महापालिकेने सही करू नये.

तपासणी स्वतंत्र हवी. सॅन फ्रान्सिस्कोचा हंटर्स पॉइंट १९७४ मध्ये बंद झालेला नौदलाचा गोदी-तळ, तिथे किरणोत्सर्गी दूषण होतं. स्वच्छता करणाऱ्या कंत्राटदाराच्या दोन पर्यवेक्षकांनी मातीचे नमुने बदलल्याची न्यायालयात कबुली दिली आणि २०१८ मध्ये त्यांना शिक्षा झाली. सगळी मोजणी पुन्हा. म्हणून शहराने स्वतःची प्रयोगशाळा नेमायची आणि एकाच ठिकाणच्या नमुन्याचे दोन भाग करून एक तिच्याकडे पाठवायचा.

गिरण्यांच्या जागांनाही हे लागू आहे: रंगाईखात्याच्या टाक्या, बॉयलरची राख, जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल, अॅस्बेस्टॉसचे पत्रे. बोअर घेऊन माती बघितल्याशिवाय त्यावर शाळेचं आरक्षण टाकू नये.

बाळीवेस
@अक्कलकोट_रोड, हा मुद्दा मान्य. आणि याच कारणासाठी राज्याने पाठीशी उभं राहायला हवं. माती तपासायचा आणि साफ करायचा खर्च एकट्या ‘ड’ वर्ग महापालिकेला झेपणारा नाही.

विजापूर_वेस
गिरण्यांचा विषय आला म्हणून मुंबईची नोंद करून ठेवतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम होता. गिरणीची जमीन विकसित केली तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाटणी सगळ्या जमिनीऐवजी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीला लागू झाली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. शहराचा वाटा गेला तो एका नियमाच्या शब्दरचनेत. वाटा कशाचा मोजायचा, एकूण क्षेत्राचा की मोकळ्या क्षेत्राचा, हे पहिल्याच ठरावात लिहिलेलं असावं.

जोडभावी_पेठ
अहो मालक, तेवढी जागा शहराला मिळाली असती तर मुंबईच्या मधोमध केवढी मैदानं झाली असती!

चाटी_गल्ली
जमिनीची किंमत कोण ठरवतं? केंद्र फुकट देतं का?

भवानी_पेठ
वाट कोणती धरता त्यावर आहे. शाळा, बाग, दवाखाना, विमानतळ अशा सार्वजनिक कामासाठी घेतली तर सवलतीत किंवा विनामूल्य, पण वापर बदलता येत नाही, आणि बदलला तर जमीन परत जाऊ शकते. रोजगारासाठी घ्यायची तर प्राधिकरणाला ‘आर्थिक विकास हस्तांतरण’ मागता येतं. तेही विनामूल्य होऊ शकतं, पण किमान सात वर्षं त्या जागेच्या विक्रीचं आणि भाड्याचं उत्पन्न त्याच जागेच्या विकासात घालायचं. उरलेली जमीन बाजारभावाने किंवा लिलावाने. शहाणं प्राधिकरण या वाटा मिसळतं. सगळी जमीन बागेसाठी मागितली तर रस्ते करायला पैसा राहत नाही. सगळी विकायची म्हटली तर एल टोरो होतं.

सात_रस्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो. समजा उद्या राज्यातल्या एखाद्या मध्यम शहराला पत्र आलं की अमुक लष्करी जागा दोन वर्षांत मोकळी होणार. आयुक्तांनी पहिल्या तीन महिन्यांत काय करावं?

भवानी_पेठ
सर्वसाधारण सभेचा ठराव, त्यात एकच समन्वय अधिकारी आणि त्याचे अधिकार. नगररचना, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, कर आकारणी, विधी अशा पाच विभागांचा एकेक माणूस त्याच्या हाताखाली पूर्णवेळ, ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून नव्हे. शेजारच्या ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषद यांच्याशी लेखी समझोता, म्हणजे नकाशे दोन निघणार नाहीत. आणि पहिली जाहीर सभा आराखड्याचा कागद कोरा असताना.

विजापूर_वेस
जीएलआरची प्रमाणित प्रत आणि भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज, डिफेन्स इस्टेटच्या (लष्करी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या) अधिकाऱ्याच्या उपस्थितीत. जीएलआरचं क्षेत्र आणि सिटी सर्व्हेचं क्षेत्र जुळत नसेल तर तो फरक तिथल्या तिथे पंचनाम्यात आणायचा. आणि आरक्षणं टाकताना जपून. खासगी जमिनीवरचं आरक्षण दहा वर्षांत घेतलं नाही, तर मालकाकडून एमआरटीपीच्या कलम १२७ ची नोटीस येते आणि पुढच्या २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत तर ते व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द. जेवढं घ्यायची ऐपत तेवढंच दाखवा.

कंबर_तलाव
एक पावसाळा तरी आत जाऊन मोजायची परवानगी मागा. पत्र ऑक्टोबरात आलं तर तीन महिन्यांत गटाराची मोजणी होणार नाही. तो आकडा पुढच्या ऑगस्टपर्यंत कोरा ठेवा, अंदाजाने भरू नका.

अक्कलकोट_रोड
आणि त्याच परवानगीत भूजल निरीक्षणाच्या बोअर घाला. एकदा उन्हाळ्याच्या शेवटी, एकदा पावसाळ्यानंतर. पातळी बदलली की दूषणाची दिशाही बदलते, एका नमुन्यावर कळत नाही.

हिप्परगा
कर आकारणीचा माणूस नेमाल तेव्हा त्याला हेही काम द्या: पाणी आणि ड्रेनेज पोचल्याची तारीख प्रत्येक गल्लीपुढे लिहायची, आणि त्या सेवांचा कर त्या तारखेपासूनच लावायचा.

सात_रस्ता
@हिप्परगा, हे ठरावाच्या मसुद्यातच घालायला हवं. मसुदा कोणी लिहून देईल का? इथेच टाका, सगळे मिळून दुरुस्त करू.

विजापूर_वेस
रविवारपर्यंत टाकतो. वाट्याचं आणि स्वच्छतेच्या हमीचं कलम मी लिहितो, पाण्याच्या आकड्यांचा तक्ता @कंबर_तलाव यांनी द्यावा.